वर्ग ऐकत नाही? आधी रिकामी मिनिटं शोधा

आपल्या गोव्यात जून-जुलैत नवीन लागलेल्या टीचरांचा एकच प्रश्न असतो, वर्ग ऐकतच नाही हो, काय करू? आणि स्टाफरूममधलं उत्तरही ठरलेलं, पहिल्या दिवसापासून जरा कडक राहा. आता कडक म्हणजे नेमकं काय ते कोणी सांगत नाही, मग बिचारी नवीन टीचर डोळे वटारते, डस्टर आपटते, दोघातिघांना उभं करते, पाच मिनिटं शांतता आणि परत म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. घसा बसतो तो वेगळाच.

माझं सरळ मत आहे की पहिली-दुसरीची पोरं वाईट नसतात, रिकामी असतात. मस्ती होते ती शिकवताना कमी आणि दोन कामांच्या मधे जास्त. वही काढेपर्यंत, टीचर हजेरी घेईपर्यंत, दुसऱ्याचं लिहून होईपर्यंत, जेवणाची गाडी येईपर्यंत. त्या मिनिटांत काय करायचं ते कोणीच सांगितलेलं नसतं मग ती आपापलं काहीतरी काढतात, कोणी बाकाखाली शिरतो, कोणी पुढच्याच्या शर्टावर पेन चालवतो. डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक पदविकेच्या, नोट्समध्ये जेकब कूनिन हे नाव तुम्ही लिहिलं असेल आणि परीक्षा झाल्यावर सोडूनही दिलं असेल. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून बारकाईने पाहिलं आणि १९७० मध्ये मांडलं की पोरगं बिघडल्यावर शिक्षक काय करतो यात चांगल्या आणि ढिल्या वर्गात फारसा फरक दिसत नाही, फरक असतो तो आधी काय केलेलं असतं त्यात. म्हणजे सगळ्या वर्गावर नजर आहे हे पोरांना जाणवतं का, एका कामातून दुसऱ्यात जाताना अडखळायला होतं का, असलं सगळं. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी पहिलीच्या वर्गात उभं राहिल्यावर हे अगदी तसंच दिसतं.

तर पहिलं काम म्हणजे दोन-तीन दिवस नुसतं टिपून ठेवायचं. डायरीच्या मागच्या पानावर, गोंधळ कधी झाला, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, आणि पोरांच्या हातात तेव्हा काय होतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा कारण बहुतेक वेळा तिथे "काही नाही" असंच लिहावं लागतं. पोरांची नावं लिहू नका, वेळा लिहा. नावं लिहिली की आपण त्या पोराच्या मागे लागतो, वेळ लिहिली की त्या वेळेचा काहीतरी बंदोबस्त करतो.

मग त्यातल्या गोंधळाच्या दोनच जागा निवडा. एकदम दहा नियमांचा चार्ट रंगीत पेनाने लिहून भिंतीवर लावू नका, पहिलीच्या पोरांना अजून वाचताच येत नाही तर तो चार्ट नक्की कोणासाठी असतो, तपासणीला येणाऱ्या भागशिक्षणाधिकाऱ्यांसाठी?

आपल्याकडे जूनमध्ये सुरुवात करायची तर मी म्हणेन आत येण्यापासून करा. पाऊस धो धो, आणि मुलं एकदम येत नाहीत, अनुदानित शाळेत बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, एक खेप आधी येते एक नंतर, कोणी चालत, कोणाला पप्पा ड्युटीवर जाता जाता स्कूटरवरून सोडतात. पहिलं पोर आणि शेवटचं पोर यात वीस मिनिटं सहज जातात आणि ती वीस मिनिटं व्हरांड्यात छत्र्यांची तलवारबाजी चालते. तर छत्रीचं रूटीन एखाद्या धड्यासारखंच शिकवायचं. सांगायचं नाही, शिकवायचं. आधी तुम्ही स्वतः करून दाखवा: पायरीवरच थांबायचं, छत्री बाहेरच्या बाजूला तोंड करून मिटायची, दोनदा झटकायची, पट्टी लावायची, कोपऱ्यातल्या बादलीत दांडा वर करून ठेवायची. रेनकोट काढून आतली कोरडी बाजू बाहेर करून खुंटीवर. चपला भिंतीला लावून. पाय गोणपाटाला पुसायचे आणि मग आत. एवढं झालं की आता चुकीचं करून दाखवा, वर्गाच्या मधोमध ओली छत्री उघडा, चप्पल एक इकडे एक तिकडे टाका. पोरं खिदळतात आणि "टीचर असें न्हय!" म्हणून आपणच दुरुस्त करायला धावतात. हे खिदळणं फुकट जात नाही, बरोबर काय ते त्यांच्याच तोंडून बाहेर पडतं. मग एका पोराला करायला लावा, शक्यतो सगळ्यात धसमुसळ्याला, आणि मग चार-चार जणांना. सगळ्यात सोयीचं म्हणजे पाऊस नसेल त्या दिवशी ही प्रॅक्टिस करा, कोरड्या छत्र्यांनी, घाई नसताना. पुढचे आठ-दहा दिवस रोज आत येताना कोणी विसरला तर ओरडायचं नाही, "परत एकदा पायरीवरून ये बघू" एवढंच, आवाज न चढवता. तो परत जातो, करतो, येतो, संपलं. शिक्षा म्हणून नाही, राहिलं ते पूर्ण करायला.

आत आल्यावर फळ्यावर काहीतरी वाट बघत असलं पाहिजे. काल शिकवलेलंच, मदत न लागणारं, आणि चित्राने सांगितलेलं. एक माड काढा आणि त्याला सात नारळ काढायला सांगा, किंवा "क" पासून सुरू होणाऱ्या तीन वस्तू. नवीन काही देऊ नका, नवीन दिलं की सगळे टेबलाजवळ येतात आणि हजेरी राहते बाजूला. हजेरी तर पोरांकडूनच घ्या, नावाच्या चिठ्ठ्या दाराजवळ खिळ्याला अडकवून ठेवायच्या, आलेल्याने आपली चिठ्ठी उचलून "आलो" च्या डब्यात टाकायची, खिळ्यावर उरली ती गैरहजर. तुम्ही डोळ्यांनी खात्री करून मस्टर नंतर भरा.

आवाजाचं म्हणाल तर जून-जुलैत ओरडून काही उपयोगच नाही. पत्र्याच्या शेडखाली वर्ग असेल आणि वर पाऊस सुरू झाला की शेवटच्या बाकावर माईक लावला तरी ऐकू जाणार नाही. म्हणून लक्ष वेधायची खूण डोळ्यांना दिसणारी एक आणि हाताने वाजणारी एक अशा दोन ठेवा. दिसणारी म्हणजे टीचरने हात वर केला की ज्याला दिसेल त्याने वर करायचा, तोंड बंद, हातातलं खाली. वाजणारीसाठी मला घुमटाचा, आपल्या त्या मातीच्या वाद्याचा, ताल सगळ्यात चांगला वाटतो. चवथीत, म्हणजे गणपतीत, घरोघरी आरतीला घुमट वाजतं, पोरांच्या हातात तो ताल आधीपासून असतो. तुम्ही टेबलावर ताल सुरू करायचा, पोरांनी बाकावर शेवटचे ठोके पुरे करायचे आणि शेवटच्या ठोक्याला हात बाकावर सपाट. हात सपाट झाले की तोंडंही थांबतात, का कोण जाणे, पण थांबतात. मात्र एक पथ्य आहे, खूण केली की पूर्ण शांतता होईपर्यंत बोलायचंच नाही. अर्धा वर्ग गप्प झाल्यावर बोलायला लागलात की उरलेल्या अर्ध्याला कळतं ही खूण काही खरी नाही. आणि खूण दिवसात पन्नासदा वापरली तर ती नुसता आवाज होऊन जाते, ती सूचना देण्यापुरतीच राखून ठेवा.

सूचना पण एका वेळी एकच. "वह्या काढा, तारीख घाला, पान बारा उघडा, वरची तीन गणितं करा आणि झाली की मला दाखवा", यात पाच सूचना झाल्या आणि सहा वर्षांच्या पोराला त्यातली पहिली आणि शेवटची आठवते, म्हणून तर रिकामी वही घेऊन ती टेबलाशी येतात. प्रश्न विचारल्यावर थांबणं हेही असंच. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांवर काम केलं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं त्यांना आढळलं, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब आणि चांगली यायला लागली. तीन सेकंद मनात मोजून बघा, फार लांब वाटतात. पण तेवढ्यात मागची, न बोलणारी पोरंही हात वर करतात, आणि पुढच्या चौघांनीच ओरडून उत्तरं द्यायची ही सवय मोडते.

इथे भाषेचा मुद्दा येतोच. आपल्या सरकारी मराठी शाळांत पुस्तक मराठी, पोरं घरी कोंकणी बोलणारी, आणि आता कितीतरी वर्गांत कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या घरातली, बांधकामावर कामाला आलेल्यांची मुलं. अशा पोराला "ओळीत उभा राहा" म्हटलं आणि तो बसूनच राहिला तर तो उद्धट आहे असं धरून चालू नका, बऱ्याचदा तो बाजूच्याकडे बघून काय करायचं ते ठरवत असतो म्हणून त्याला उशीर होतो. रोजच्या सात-आठ सूचनांना हाताची एकेक खूण ठरवा आणि फळ्याच्या कडेला त्यांची चित्रं चिकटवा, वही, डबा, रांग, हात धुणं. चित्राकडे बोट दाखवलं की झालं. घाबरलेल्या पोराशी त्याच्या भाषेतले दोन शब्द बोललात तर पाठ्यपुस्तक काही रागावत नाही. पोरगं कोंकणीत सांगू दे, तुम्ही मराठीत उत्तर द्या, हळूहळू येतं.

पाणी आणि बाथरूमचं सोपं आहे. दाराला दोन बिल्ले टांगा, एक मुलींचा एक मुलांचा, बिल्ला जागेवर असेल तर उचलून जायचं, विचारायचं नाही, येऊन परत टांगायचा. पाण्याची बाटली बाकाखाली. "टीचर उदक पियूं?" हा प्रश्न बंद झाला की तासाला निदान पाच मिनिटं वाचतात. बाथरूमला नाही कधीच म्हणू नका, एखादा फारच फिरायला लागला तर त्याला गणित जमत नसेल, ते बघा.

आता जोडवर्ग, म्हणजे एका टीचरकडे एकाच वेळी दोन इयत्ता, ही खरी परीक्षा. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने पहिली ते पाचवीत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, आणि आपल्या गावांतल्या कितीतरी प्राथमिक शाळांचा पट त्याच्या खूप खाली, म्हणजे सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतल्या वाड्यावरच्या शाळेत पहिली ते चौथी दोघांत वाटून घेणं आलंच. एका खोलीत दोन वर्ग असतील तर एकाचं तोंड एका भिंतीकडे आणि दुसऱ्याचं दुसऱ्या भिंतीकडे करा, मधे टीचरचं टेबल. टेबलावर एक लाल डबा, तो ज्या वर्गाच्या बाजूला ठेवला त्या वर्गाची टीचर, दुसऱ्या वर्गाला तेवढा वेळ टीचर नाही. डबा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त एका बाजूला ठेवू नका, पहिलीला तर दहाच पुरे. ज्यांच्याकडे डबा नाही त्यांच्यासाठी नियम एकच, अडलं तर आधी पुस्तकात बघायचं, मग बाजूच्याला विचारायचं, मग गटप्रमुखाला, आणि तरी नाही जमलं तर ते सोडून पुढचं करायचं. सुरुवातीचे दिवस पोरं तरी येतातच, तेव्हा उत्तर न देता फक्त डब्याकडे बोट दाखवायचं. उत्तर दिलंत की संपलं, दुसऱ्या दिवशी सगळी रांग लावून उभी. डबा नसलेल्या वर्गाला कधीही नवीन काम देऊ नका, सरावाचंच द्या, आणि गटप्रमुख दर आठवड्याला बदला नाहीतर एक पोरगी कायमची छोटी टीचर होऊन बसते आणि बाकीचे तिच्यावर खार खातात.

"टीचर म्हजें जालें!" हे ज्यांचं आधी होतं त्यांच्यासाठी मागे एक खोका ठेवा. चिंचोके मोजायला, दहा-दहाचे गठ्ठे बांधायला दोऱ्या, किनाऱ्यावरचे शिंपले लहानमोठे लावायला, जुन्या कॅलेंडरची पानं, फणसाच्या वाळलेल्या आठळ्या. काजूच्या बिया मात्र नकोत हो, सालीतलं तेल हातातोंडाला लागलं की कातडी भाजते आणि मग पालक दारात.

जेवणाच्या वेळेचं सविस्तर सांगते कारण माझ्या मते दिवसातला सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. आहार महिलांच्या स्वयंसाहाय्य गटाकडून येतो, भाजी-पाव असेल तर पोरं वासावरूनच ओळखतात, आणि गाडी काही दरवेळी घंटेबरोबर येत नाही. म्हणून हात धुवायला सगळ्यांना एकदम सोडायचं नाही. गाडीचा आवाज आल्यावर पहिली रांग उठेल, ती नळावरून परत आली की दुसरी. बाकीच्यांनी तोवर पाढे म्हणायचे किंवा गोष्ट ऐकायची, एखादी लांबण लावता येण्यासारखी गोष्ट तुमच्याकडे कायम तयार पाहिजे जी कुठेही तोडता येते आणि उद्या तिथून पुढे सांगता येते. वाढप्यांची जोडी रोज ठरलेली, एक पाव देणार एक ताटं. पाव देणाऱ्याच्या पुढे सगळ्यात आधी कोण यावरून भांडण होतं ते टाळायला रांगेचा क्रम आठवड्याने उलटा करा, गेल्या आठवड्यात शेवटी होते ते या आठवड्यात पहिले. जेवून झाल्यावर सगळ्यात कठीण दहा मिनिटं येतात, घाम आलेली, भांडलेली, धावून आलेली पोरं. तेव्हा लगेच गणित काढू नका. पंखा लावा, डोकं बाकावर ठेवू द्या, तुम्ही हळू आवाजात वाचा, आवाज इतका हळू की ऐकायला गप्प बसावंच लागेल.

कागाळ्या. "टीचर, हाणें म्हजी पेन्सील व्हेली" (याने माझी पेन्सिल नेली). "टीचर, हांवें कांयच करूंक ना" (मी काहीच केलं नाही). मधल्या सुट्टीनंतर अशा दहा खटल्यांची सुनावणी केली तर तास संपतो. पोरांना दोन प्रकार शिकवा: कोणाला लागलंय, कोणी रडतंय, कोणी रस्त्यावर किंवा विहिरीकडे गेलंय तर धावत येऊन सांगायचं, कितीही मोठं काम चाललेलं असो. बाकी सगळं तक्रारपेटीत. पेटी म्हणजे बुटाचा खोका, लिहिता येत नसेल त्याने चित्र काढून टाकायचं. शेवटच्या तासाला उघडायची, तोवर निम्म्या जणांना आपण काय टाकलं तेच आठवत नाही. एकच नाव मात्र रोज येत असेल तर ते गंमत म्हणून सोडू नका, तिथे खरंच काहीतरी चाललेलं असतं.

आणि एखादं पोर सगळं करूनही बसत नाही, त्याचं काय? पहिल्यांदा जागा बदला, पण सगळ्यांसमोर शिक्षा म्हणून नाही. दाराजवळच्या बाकावरून भिंतीजवळच्या बाकावर, शक्यतो तुमच्या वाटेत येईल असा, म्हणजे शिकवता शिकवता बाजूला उभं राहून त्याच्या वहीवर बोट ठेवता येतं. नाव घेऊन ओरडण्यापेक्षा हे कितीतरी भारी पडतं. काम हातात द्या, डस्टर झटकून आण, त्या वर्गात हा खडू देऊन ये. बोलायचं असेल तर वाकून, कानाशी, दोन वाक्यं: "आत्ता काय करायचंय? कर बघू, मी परत येते." आणि खरंच परत या. त्याने केलं असेल तर काय केलं ते नेमकं सांगा, "तीन ओळी लिहिल्यास, रेघेवर आहेत." नुसतं गुड बॉय म्हणून काही कळत नाही. चॉकलेटं वाटू नका, चौथ्या दिवशी पोरं दोन मागतात. तरी महिनाभरात फरक दिसला नाही तर कान, डोळे आणि घर तिन्ही तपासा, ऐकू कमी येणारी पोरं वर्षानुवर्षं मस्तीखोर म्हणून बाकावर उभी केली जातात.

पट्टी, चिमटा, अंगठे धरणं, सगळ्यांसमोर अपमान, हे विचारूच नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत, आणि आपल्या गोव्यात तर त्याआधीच गोवा चिल्ड्रन्स ॲक्ट २००३ ने शाळेतल्या मारावर बंदी घातलेली आहे. "आमच्या वेळी मास्तर वेताने झोडायचे म्हणून आम्ही शिकलो" म्हणणारे आजोबा पालकसभेत भेटतीलच, त्यांना चहा द्या आणि विषय पुढे न्या. काही आयाही येऊन सांगतात, "टीचर, तुम्ही मारा हां त्याला, घरी ऐकत नाही." त्यांना मी एवढंच विचारते की घरी सकाळी दप्तर कोण भरतं. आई भरत असेल तर उद्यापासून त्याला भरू दे, एवढं एक काम घरी झालं तरी वर्गात फरक पडतो. आईला तक्रारीसाठीच बोलवायचं असं करू नका, एखाद्या दिवशी गेटवर उभी असेल तर चांगलं काय केलं ते आधी सांगा, मग पुढच्या वेळी वाईट सांगितलं तर ती ऐकून घेते.

चवथीच्या सुट्टीवरून पोरं परत आली की ती सगळं विसरलेली असतात, करंज्या आणि फटाके अजून डोक्यात. तेव्हा रागवू नका, नवीन धडा एक-दोन दिवस पुढे ढकला आणि छत्रीपासून लाल डब्यापर्यंत सगळं परत करून घ्या, जूनला जितका वेळ लागला त्याच्या पाव वेळात होतं. दिवाळी, नाताळ, शिगमो, तेच. गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मात्र निम्मा वर्ग रात्रभर नाटक बघून पेंगत असतो, त्या दिवशी चित्रं काढू द्या, हट्टाने काही होत नाही.

शेवटचं एक काम करून ठेवा. तुम्ही ट्रेनिंगला पर्वरीला गेलात किंवा इलेक्शन ड्युटी लागली की दुसरी टीचर वर्गावर येते आणि तिला काहीच माहीत नसतं. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक पान ठेवा: खूण कोणती, बिल्ले कुठे, आज वाढपी कोण, या आठवड्याचा गटप्रमुख कोण, कोणाला ॲलर्जी किंवा दमा आहे, बालरथाने कोण जातं आणि कोणाला न्यायला घरचं माणूस येतं. हे शेवटचं तर लाल पेनाने लिहा, आणि दर सोमवारी पान बघून बदललेलं दुरुस्त करा.